गटात न बसणारं पद

नंदीबैलाला विचारायचे प्रश्न ठरलेले असत. यंदा पाऊस पडंल का? पोरीचं लगीन जमंल का? मालकाच्या मागची पीडा टळंल का? नंदीवाला गुबूगुबू वाजवायचा, बैल मान डोलवायचा, घरातली बाई सुपातून धान्य आणून झोळीत टाकायची आणि मंडळी पुढच्या दाराकडे वळायची. पाथर्डी, पारनेर, जामखेड या नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) दुष्काळी तालुक्यांत यातला पहिला प्रश्न काही गंमत म्हणून विचारलेला नसायचा. तरीही बैलाला पावसातलं कळतं असं खरोखर मानणारं फार कुणी नव्हतं. वाद्याचा ताल बदलला किंवा दोरीला हलका झटका बसला की मान हलते, हे पोरांनाही ठाऊक होतं. म्हणून तर कशालाही हो म्हणणाऱ्या माणसाला आपण नंदीबैल म्हणतो.

या नंदीबैलाचा एक चुलतभाऊ बर्लिनमध्ये होता. हान्स नावाचा घोडा. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, तारीख विचारा. हान्स उत्तराइतक्या वेळा खूर आपटायचा. १९०४ मध्ये जाणकारांच्या समितीने तपासणी केली. लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती केली. ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही अशा माणसाला त्याने प्रश्न विचारायला लावलं. हान्स गडबडला. तो आकडे मोजतच नव्हता. खूर योग्य आकड्याशी पोचला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं, आणि घोडा तेवढ्यावर थांबायचा.

तेव्हापासून ही गोष्ट ‘घोडा अखेर बुद्दूच निघाला’ अशा सुरात सांगितली जाते. मला ती उलटी वाटते. समोरच्याच्या डोक्याची इतकी बारीक हालचाल, जी त्याची त्याला कळत नव्हती आणि समितीतल्या विद्वानांना दिसली नव्हती, ती एका घोड्याने टिपली. गणिताच्या पेपरात तो नापास झाला खरा, पण परीक्षकाला वाचण्याच्या पेपरात पहिला आला. फक्त तसा पेपर कुणी काढलेला नव्हता.

बुद्धीबद्दलच्या बहुतेक भांडणांत हेच होतं. आपण समोरच्याची बुद्धी मोजतोय असं समजतो. प्रत्यक्षात मोजलं जातं ते एवढंच, की आपल्या प्रश्नाच्या साच्यात तो किती बसतो.

आता तुमच्या फोनवरचा चॅटबॉट घ्या. तो घडवताना एक टप्पा असा असतो, की एकाच प्रश्नाची दोन-तीन उत्तरं माणसांना दाखवतात आणि त्यातलं बरं वाटेल ते निवडायला सांगतात. अशा असंख्य निवडींवरून यंत्र शिकतं, की कसं बोललं म्हणजे माणसाला पटतं. थोडक्यात, विचारणाऱ्याचं डोकं वर झालं की खूर थांबवायचा. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं. यंत्र वापरणाऱ्याची फारच हांजी हांजी करू लागलं होतं, हे कंपनीनेच कबूल केलं.

पण या यंत्रांना नुसतं नंदीबैल म्हणून उडवून लावणं हाही आळसच. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या एआय प्रणालीच्या कामाला २०२४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. ते यंत्राने शोधलं. बरं, हेच यंत्र बुद्धिबळ जिंकत नव्हतं तोवर बुद्धिबळ म्हणजे बुद्धीची कसोटी होती. १९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवल्यावर आपण म्हणालो, ती तर नुसती आकडेमोड. आपला साचाही असा सोयीने सरकत असतो.

यंत्र बोलतं, पण त्याला बोललेलं कळतं का, हा वाद आपल्याकडे वेगळ्या रूपात सातशे वर्षं घरोघरी सांगितला जातोय. पैठणच्या ब्रह्मवृंदाने संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानदेवादी भावंडांना हिणवलं, आणि ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. या कथेत रेडा विद्वान ठरत नाही, हे लक्षात घ्या. लाज जाते ती पाठांतरालाच विद्वत्ता समजणाऱ्यांची. जे काम रेडाही करू शकतो, त्याच्या जोरावर तुम्ही माणसाला वाळीत टाकता? तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये ‘चिनी खोली’चा दाखला देऊन जवळपास हाच मुद्दा संगणकाबद्दल मांडला. खोलीत बसलेला माणूस नियमांची वही बघून चिनी चिठ्ठ्यांना बिनचूक चिनी उत्तरं देतो, पण त्याला चिनी ओ की ठो कळत नाही.

कथेचा पुढचा टप्पा नगर जिल्ह्यात येतो. पैठणहून निघालेली भावंडं नेवाशाला थांबली. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी तिथे गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्या खांबाला टेकून तो सांगितला असं मानतात, तो खांब नेवाशाच्या मंदिरात आहे. पैठणला उच्चार, नेवाशाला अर्थ. पण अर्थ सांगणाऱ्यालाही प्रश्न कोणत्या भाषेत, कुणाच्या जगातून विचारला जातो, यावर बरंच ठरतं. म्हणून आता जरा शाळेत जाऊ.

‘गटात न बसणारे पद ओळखा.’ स्कॉलरशिपला बसलेल्या प्रत्येकाला हे वाक्य आठवत असेल. बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर. समजा पदं अशी आहेत: कोयता, विळा, कुऱ्हाड, ऊस. उत्तर, अर्थातच, ऊस. बाकी तिन्ही हत्यारं.

हाच प्रश्न पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कामगाराच्या पोराला टाका. दिवाळीच्या आगेमागे त्याचं बिऱ्हाड कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. त्याच्या जगात कोयता हे हत्यार तर आहेच, पण मोजमापही आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशोबाने. ‘यंदा आमच्या गावातून चाळीस कोयते गेले’ म्हणजे चाळीस जोडपी गेली. या पोरासाठी कोयत्यापासून ऊस वेगळा काढणं म्हणजे आई-बापाला कामावरून काढणं. तो ऊस ठेवील आणि दुसरंच काही बाहेर काढील. मार्क गेला.

ही माझ्या मनची कल्पना नाही. अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका दाखवून असाच प्रश्न विचारला होता. शेतकऱ्यांचं म्हणणं, सगळं एकत्रच हवं, ओंडका नसेल तर करवतीने कापायचं काय? ‘पण एकजण म्हणाला की ओंडका यात बसत नाही,’ असं सांगितल्यावर एक शेतकरी उत्तरला, त्याच्याकडे सरपण बख्खळ असणार. याहून पुढची गंमत पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात झाली. तिथल्या क्पेले लोकांनी वस्तू वापराप्रमाणे लावल्या, सुरीजवळ फळ, कारण सुरी फळ कापते. शहाणा माणूस असंच लावतो, असं त्यांनी सांगितलं. शेवटी वैतागून संशोधकाने विचारलं, मग मूर्ख माणूस कसं लावेल? तेव्हा अवजारं एकीकडे, खाण्याचे पदार्थ दुसरीकडे, अशी पुस्तकी विभागणी त्यांनी झटक्यात करून दाखवली. ‘बरोबर’ उत्तर त्यांना येत होतं. ते त्यांना बावळटपणाचं वाटत होतं.

मी शाळेतल्या वर्गीकरणाला हसत नाहीये. वापर बाजूला ठेवून तीन हत्यारं एका नावाखाली आणता येणं ही मोठी ताकद आहे. तिच्याशिवाय वनस्पतिशास्त्र नाही, कायदा नाही, कोडिंग नाही. ऊसतोडीच्या पोराला ती मिळालीच पाहिजे. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली, ती याचसाठी, की कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल ते कळावं. चाचणीचा शिक्का नंतर झाला. पाच-सहा महिने फडावर काढून आलेलं पोर वर्गात ‘ढ’ ठरतं, तेव्हा मदतीची गरज ओळखलेली नसते, मदत न देण्याचं कारण सापडलेलं असतं.

‘हुशार’ हा आपला शब्द अशा वेळी फार कंजूष वागतो. मराठीत शहाणपण आहे, अक्कल आहे, समज, उमज, जाण आहे, दीडशहाणाही आहे. पण पाहुणे आल्यावर ‘पोरगं हुशार आहे’ म्हणजे टक्के किती, एवढाच अर्थ उरतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरात देशी बियाण्यांची बँक उभी केली, वाल-घेवड्याची, भाज्यांची, भाताची वाणं राखली. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पुरस्कारानंतर त्यांना बुद्धिमान म्हणणं सोपं आहे. त्याआधीची कित्येक वर्षं सरकारी रकान्यात अशा बाईसाठी शब्द एकच होता, निरक्षर. आणि बी राखणाऱ्या इतर असंख्य बायकांसाठी तो अजूनही तेवढाच आहे.

बियाणं जाणण्यात जी बुद्धी आहे, तिचं एक लक्षण मला महत्त्वाचं वाटतं. चुकलं तर स्वतःचं जातं. कोणत्या उतारावर कोणता वाल, हे चुकलं की हंगाम गेला, आणि वर्षभर त्याच चुकीशेजारी बसून जेवायचं. नंदीवाल्यालाही थोडी धास्ती होतीच. पाऊस पडला नाही तरी पुढच्या वर्षी त्याच दारात उभं राहायचं होतं. चॅटबॉटला पुढचं वर्ष नाही. बारामतीत उसाच्या शेतीत उपग्रहाची चित्रं, जमिनीतले सेन्सर आणि हवामानाचा अंदाज एकत्र करून एआयचा सल्ला घेण्याचे प्रयोग चालू आहेत. ते उपयोगीही पडतील. पण सल्ला चुकला तर यंत्र नम्रपणे माफी मागतं, आणि पीक शेतकऱ्याचं जातं. तुम्ही घरच्या शेतासाठी फोनवर औषधाचं प्रमाण विचारत असाल, तर हा फरक तत्त्वज्ञानाचा नाही. तो बांधावरचा आहे.

आणि या जिल्ह्यात ऊस म्हटला की बिबट्या आलाच.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या खोऱ्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे, आणि त्याच भागात दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. दाट जंगल नाही, हरणांचे कळप नाहीत. बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. माणसाच्या इतक्या जवळ राहून न दिसणं ही बुद्धी आहे का? ‘आरसा दाखवला तर स्वतःला ओळखतो का’ या प्रश्नावर बहुधा तो नापास होईल. उसाच्या फडात आरशाचं काम काय, हे त्याला विचारणार कोण?

इथे सांभाळून बोलायला हवं. अलीकडच्या वर्षांत जिल्ह्यात बिबट्याने लहान मुलं मारल्याच्या घटना घडल्या आहेत. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्यांच्यासमोर बिबट्याच्या बुद्धीचं कौतुक करणं माणुसकीला धरून नाही. पण त्यांच्याच सुरक्षेसाठी प्रश्न नीट विचारावा लागतो. शेजारच्या जुन्नर भागात २००१ नंतर बिबटे पकडून लांब सोडण्याचा धडाका लावला गेला. अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं ते हे, की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. ‘याला कुठे नेऊन टाकायचं?’ हा प्रश्न बिबट्याला सामान समजून विचारलेला होता. सामानाला मुलूख नसतो, शेजारी नसतात, परतीची वाट ठाऊक नसते.

२००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर बिबट्या विहिरीत पडला. स्वभावाने शांत, म्हणून त्याचं नाव आजोबा ठेवलं. गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो पश्चिमेला निघाला. रेल्वेमार्ग, महामार्ग, वस्त्या ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्याने कुणा माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. तो आपल्या जुन्या मुलखाकडे निघाला असावा, असा एक अंदाज होता. २०१४ मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला.

पट्ट्यावरून येणारे संदेश मध्येच थांबले होते. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. अंगातल्या चिपवरून ओळख पटली, हा आजोबा. त्याआधीचे कित्येक महिने तो कुठे झोपत होता, काय खात होता, कोणत्या वेळी रस्ता ओलांडत होता, हे त्या अवाढव्य शहरात कुणालाच कळलेलं नव्हतं.