करुण रस आणि दुःखाचा धनी

प्रत्यक्ष जीवनात ज्या दुःखापासून माणूस दूर पळतो, तेच दुःख रंगभूमीवर पाहण्यासाठी तो आपण होऊन का जातो आणि डोळे पुसत परततानाही तृप्त का असतो, हा भारतीय काव्यशास्त्रातील एक अत्यंत अवघड प्रश्न आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण हा आठ रसांपैकी एक असून शोक हा त्याचा स्थायिभाव, म्हणजे मनात मुळातच वसलेला आणि अनुकूल सामग्री मिळताच रसरूपाने आस्वादला जाणारा भाव, मानलेला आहे. प्रियजनांचा वियोग, वैभवाचा नाश, वध, बंधन अशी या शोकाची कारणे भरताने सांगितली. परंतु त्यातून प्रेक्षकाच्या वाट्याला अखेर सुख येते की दुःख, हा वाद पुढच्या शतकांत रंगला.

करुणातूनही अखेर सुखच मिळते, हे जे मत या वादात बहुमान्य झाले त्याचा पाया काश्मीरच्या भट्टनायकाने साधारणीकरणाच्या कल्पनेत घातला. नाट्यातील सीता ही प्रेक्षकाच्या दृष्टीने अमक्याची कन्या किंवा तमक्याची पत्नी राहत नाही, तिचे दुःख स्थळ, काळ आणि व्यक्ती यांच्या बंधनातून सुटते, आणि ते कोणा एकाचे न उरल्यामुळेच प्रत्येकाला आस्वादता येते, असा साधारणीकरणाचा अर्थ आहे. अभिनवगुप्ताने हा विचार अधिक खोल नेला. क्रौंचवधाच्या प्रसंगावर भाष्य करताना त्याने बजावले की रामायण शोकातून जन्मले हे खरे असले तरी तो शोक वाल्मीकीचा खाजगी शोक समजू नये, कारण मुनी स्वतःच दुःखाने व्याकुळ झाला असता तर त्याच्या हातून काव्य घडलेच नसते. चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात या मताला व्यवहारातला पुरावा जोडला: करुण रसात दुःखच असते तर त्याच्याकडे कोणी वळले नसते, आणि रामायणासारखे काव्य केवळ दुःखाचे कारण ठरले असते. प्रेक्षकाचे अश्रू हे त्याच्या मते चित्त द्रवल्याची खूण होती, वेदनेची नव्हती.

या एकमताला छेद देणारा आवाज बाराव्या शतकात गुजरातेतून उमटला आणि त्याला मिळायला हवे होते तेवढे महत्त्व कधीच मिळाले नाही. हेमचंद्राचे शिष्य असलेल्या रामचंद्र आणि गुणचंद्र या जैन आचार्यांनी नाट्यदर्पणात रस सुखात्मक आणि दुःखात्मक असे दोन्ही प्रकारचे असतात, असे स्पष्ट म्हटले. करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे त्यांच्या मते दुःखात्मकच होत. प्रेक्षकाला जो चमत्कार, म्हणजे विस्मययुक्त आल्हाद, जाणवतो तो कवीच्या आणि नटाच्या कौशल्यामुळे जाणवतो, दाखवलेल्या दुःखामुळे नव्हे. सीतेचे हरण, द्रौपदीच्या केसांना आणि वस्त्राला घातलेला हात, हरिश्चंद्राने पत्करलेले चांडाळाचे दास्य, रोहिताश्वाचा मृत्यू हे प्रसंग पाहताना सहृदयाला, म्हणजे रसिक प्रेक्षकाला, सुख कसे होईल, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे. कलेचा आनंद आणि दुःखाची वेदना एकाच अनुभवात शेजारी शेजारी नांदतात आणि एकाने दुसरे पुसले जात नाही, ही जाणीव अभिनवगुप्ताच्या भव्य मांडणीपेक्षा कमी तात्त्विक वाटली तरी अधिक प्रामाणिक आहे.

तथापि, याच यादीपाशी थांबून पाहिले असता एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. हरिश्चंद्राचे चांडाळाकडील दास्य हा करुणाचा विषय आहे, कारण राजा तेथवर खाली आला. पण तो ज्याच्या घरी आला त्या चांडाळाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे स्मशानातील जगणे मात्र कोणत्याही रसाचा विषय नाही. ज्याला गमावण्यासारखे वैभव कधी मिळालेच नाही, त्याच्याजवळ वैभवनाशाचा शोक तरी कोठून असणार? भरतानेही शोकाची वाटणी माणसाच्या प्रकृतीनुसार केली होती. उत्तम आणि मध्यम माणसे शोक धैर्याने सहन करतात, तर नीच रडतात, अशी ती विभागणी आहे. दुःखातून आनंद कसा होतो या प्रश्नावर शतकानुशतके सूक्ष्म चर्चा चालली, परंतु दुःख म्हणून नेमके कोणाचे दुःख धरावे हा त्याच्या आधीचा प्रश्न शास्त्राने विचारला नाही, कारण त्याचे उत्तर समाजरचनेने परस्पर देऊन टाकले होते.

शास्त्राच्या बाहेर, मराठीत, हा प्रश्न चौदाव्या शतकातच उभा राहिला होता. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याने महार म्हणून भोगलेली अवहेलना विठ्ठलापुढे मांडली. मात्र त्याच्या नावावरील एका अभंगात या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधलेले दिसते, म्हणजे वेदना बोलकी झाली तरी तिचा हिशेब कर्मसिद्धांताच्या वहीतच राहिला. त्याची पत्नी सोयराबाई हिने विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला आणि विटाळाशिवाय कोणता देह जन्मला आहे, असे विचारले. मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत तर देवालाच जाब विचारलेला आढळतो. एकाच घरात दुःखाचे तीन अर्थ लागावेत, ही गोष्ट भक्तिसाहित्याच्या अभ्यासात जितकी चर्चिली जावी तितकी चर्चिली गेलेली नाही.

कर्माच्या वहीतून दुःख कायमचे बाहेर काढण्याचे काम विसाव्या शतकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ उपदेशाचा भाग आहेत काय, असा प्रश्न उपस्थित केला. जीवन, मरण आणि पुनर्जन्म हे सगळेच दुःख असेल तर माणसाला आशेला जागा उरत नाही, हे त्यामागचे कारण होते. जगात दुःख आहे हे मान्य करणे आणि ते दूर करणे हा धम्माचा पाया होय, या त्यांच्या मांडणीने दुःखाचे मूळ माणसामाणसांतील व्यवहारात शोधण्याची वाट मोकळी झाली, आणि दलित साहित्य याच वाटेने आले.

बाबुराव बागुलांच्या 1963 सालच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथासंग्रहानंतर मराठीतील दुःखाने स्थळ, काळ आणि व्यक्ती सोडण्यास नकार दिला. नामदेव ढसाळांच्या 1972 च्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना कवितेतील शब्दांचे अर्थ स्वतः कवीलाच विचारावे लागले; मराठी वाचणाऱ्या सहृदयाच्या कोशात गोलपिठ्याच्या वस्तीचे शब्दच नव्हते. शरणकुमार लिंबाळे यांनी 1996 मधील ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथात आनंद हा या साहित्याचा निकष होऊ शकत नाही, अशी भूमिका घेतली. ती मूलतः योग्य आहे, आणि तिला आठशे वर्षांपूर्वीचा पूर्वज हवाच असेल तर तो नाट्यदर्पणात सापडतो.

परंतु अभिनवगुप्ताला यामुळे निकालात काढता येत नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) सुशिक्षित दया पवार आणि महारवाड्यातला दगडू मारुती पवार हे एकाच देहातले दोन जण समोरासमोर येतात, दगडू आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. भोगणारा आणि लिहिणारा यांच्यात पाडलेले हे अंतर म्हणजे मुनीचा शोक हा मुनीचा खाजगी शोक नव्हे, या जुन्या विधानाचीच अनपेक्षित प्रचीती होय. फरक पडतो तो वाचकाच्या बाजूला. साधारणीकरणात वाचकाला आपले नाव, गाव आणि कूळ विसरण्याची मुभा असते. ‘बलुतं’ वाचताना गावकुसाच्या आतल्या वाचकाला ती मिळत नाही, कारण दगडूच्या दुःखाची कारणे सांगताना शाप किंवा दैव यांचा आधार घेतलेला नसून ज्या पाणवठ्यावर आणि ज्या ओसरीवर ती घडली, ती त्या वाचकाच्या आजोबांची होती.