‘इंटिरिअर’ : आत कोण आणि कोणापासून?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. पेठ वा सुरगाणा तालुक्यात बदली झालेल्या कर्मचाऱ्याविषयी या परिसरात सहज म्हटले जाते, ‘त्याला इंटिरिअरला टाकले.’ नव्या सदनिकेच्या सजावटीलाही ‘इंटिरिअर’च म्हणतात. एका अर्थी हा शब्द हौसेचा, दुसऱ्या अर्थी शिक्षेचा. मराठीने तो उसना घेतला खरा. परंतु त्याबरोबर पाहण्याची एक जागाही उसनी घेतली, हे सहसा ध्यानात येत नाही.

मूळ लॅटिनमध्ये हे तरवाचक विशेषण आहे. त्याचा अर्थ ‘आतले’ असा नसून ‘अधिक आतले’ असा आहे. म्हणजे कशाच्या तरी तुलनेने आतले. संस्कृत ‘अंतर’ हा त्याचा दूरचा सगोत्र, आणि मराठीत या ‘अंतर’ची गंमत अशी की तो हृदयही आहे आणि दुरावाही. ‘अंतरीची खूण’ आणि ‘चार कोसांचे अंतर’ एकाच शब्दात नांदतात. ‘अंतर देणे’ म्हणजे तर टाकून देणे. इंग्रजी शब्दालाही मनाचा अर्थ आहे आणि भूप्रदेशाचाही. मात्र तो भूप्रदेश किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. जहाजातून उतरणाऱ्याला बंदर जवळचे, बाकीचा देश ‘आत’. सुरगाण्यातील माणसाला आपले गाव कशाच्याही आत वाटत नाही. ते त्याच्या जगाच्या मध्यभागी असते. ‘दुर्गम’ हा शब्द निदान रस्त्याविषयी बोलतो. ‘इंटिरिअर’ मात्र रस्त्याचा दोष गावावर, आणि पुढे गावातल्या माणसावर लादतो.

तरीही ‘आत’ असणे ही नेहमीच वंचना नसते. २ मार्च १९३० रोजी याच शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेथे ‘आत’ हाच हक्काचा विषय होता. गाभारा ज्यांच्या ताब्यात होता, त्यांनी आतल्या जागेचे पावित्र्य बाहेरच्यांना दूर ठेवूनच सिद्ध केले होते. म्हणजे श्रेष्ठ ‘आत’ स्वतःकडे राखायचे आणि दूरचे ‘आत’ इतरांच्या वाट्याला द्यायचे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा प्रश्नच पालटला. प्रवेश मिळेल की नाही हे गौण ठरले. ज्या ‘आत’ची सीमा दुसऱ्याने आखली आहे ते मागावे तरी का, हा प्रश्न उरला.

समीक्षेने या व्यवहारापासून स्वतःला वेगळे समजू नये. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ने (१९४२) संज्ञाप्रवाहाचे तंत्र मराठी कादंबरीत आणले. पुढे अंतर्मुखता हे कलात्मक प्रौढत्वाचे लक्षण मानले गेले, आणि ते बहुधा सुशिक्षित नायकांच्या ठिकाणीच शोधले गेले. ग्रामीण साहित्याचा विचार करताना मात्र बोली, चालीरीती, प्रादेशिकता यांचीच मोजदाद अधिक झाली. शहरी पात्राला मन असते, ग्रामीण पात्राला परिसर असतो, अशी ही अघोषित वाटणी. जो भूप्रदेश ‘इंटिरिअर’ म्हणून ओळखला जातो, तेथील माणसाचेच अंतरंग गृहीत धरले जात नाही, हा विरोधाभास बोलका आहे.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिक या वाटणीत बसत नाही. तिचे मन दीर्घ स्वगतातून नव्हे, तर कष्टांतून, संसार सावरण्याच्या धडपडीतून, वऱ्हाडी बोलण्यातून आणि गप्प राहण्यातून उलगडते. ज्या वाचकाला आंतरिकतेची एकच रीत ठाऊक आहे, त्याला येथे केवळ हलाखीचे चित्रण दिसेल. तसे वाचले गेल्यास उणीव कौतिकच्या ठिकाणी नसते. ती वाचक कोठे उभा आहे, त्याच्याशी निगडित असते.