द्वंद्वाचा जीर्णोद्धार

एखाद्या जुन्या लोकप्रिय खेळाचे पुनरुज्जीवन करावयास निघालेल्या मंडळींची सर्वसाधारण समजूत अशी असते की, जुन्या खेळाडूस जे आठवते तेच त्याला हवे असते. आणि त्याला आठवतात ती पात्रांची नावे, त्यांचे पोशाख, त्यांच्या आरोळ्या, फार तर पार्श्वसंगीताचा एखादा तुकडा, तेव्हा एवढा ऐवज नव्या तंत्राने उजळून त्याच्या हवाली केला की वारसाहक्काचा मामला निकालात निघाला. देवळाचा जीर्णोद्धार करताना मूर्तीला वज्रलेप द्यावा, कळसाला सोन्याचा पत्रा चढवावा, आणि उत्सव कोणत्या वहिवाटीने चालत असे याची मात्र कोणाकडे विचारपूसही करू नये, त्यातलाच हा प्रकार. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर’ ही मालिका जितक्या वेळा मोडली, निजविली आणि पुन्हा उभी केली, तितक्या वेळा या समजुतीची परीक्षा झाली आहे. आणि माझ्या मते दर खेपेस यशापयशाचा निर्णय मूर्तीने नव्हे, वहिवाटीने केला आहे.

ती वहिवाट समजण्यासाठी १९९१ सालच्या दुसऱ्या भागाकडे जावे लागते. (१९८७ चा पहिला भाग, ज्याच्या काही यंत्रांवर ठोशाचे बळ मोजणाऱ्या गाद्या बसविलेल्या होत्या, तो आज दप्तरी नोंदीपुरताच उरला आहे.) आठ योद्धे, एक जॉयस्टिक, तीन ठोशांची व तीन लाथांची अशी सहा बटणे, आणि नाणे टाकल्यावाचून न हलणारे एक सार्वजनिक यंत्र, एवढ्या सामग्रीवर तेथे एक अलिखित कायदा प्रस्थापित झाला: हरेल त्याने उठावे, जिंकेल त्याने त्याच नाण्यावर पुढचा डाव खेळावा, आणि आव्हान देणाऱ्याने आपले नाणे आपण आणावे. दुकानदाराच्या लेखी हा निव्वळ जमाखर्च होता. परंतु या जमाखर्चामुळेच पराभवाला किंमत आली, किमतीमुळे शिकण्याची निकड आली, आणि शिकविणारे पुस्तक जवळ नसल्याने जिंकणाऱ्याच्या मनगटाकडे टक लावून उभे राहण्याखेरीज नवख्याला गत्यंतर उरले नाही. रियू हा योद्धा ज्या ‘हादोकेन’मुळे ओळखला जातो, तो तेजोगोल सोडण्यासाठी दांडा खाली, तेथून तिरपा खाली-पुढे, तेथून सरळ पुढे असा एका चापात फिरवून त्याच क्षणी ठोशाचे बटण दाबावे लागे, मनगट किंचित अडखळले तर गोल न सुटता नुसता हवेतला ठोसा बाहेर पडे, आणि तेवढ्या अवधीत प्रतिपक्षी उडी मारून डोक्यावर आलेला असे. शिवाय, एका प्रहाराला दुसरा बेमालूम जोडून समोरच्याला सुटकेची संधीच न देणारी जी ‘कॉम्बो’ची विद्या पुढे या साऱ्या प्रकाराचा प्राण ठरली, ती मुळात कोणी योजलेलीच नव्हती, मोटार फोडण्याच्या बक्षिसी फेरीची तपासणी चालू असता ती निर्मात्याच्या नजरेस पडली, आणि साधण्यास फार कठीण म्हणून तशीच राहू दिली गेली. आज आपण जिला मूळ संहिता म्हणून पूजतो तिच्यातील सर्वांत मोलाची ओळ जर अशी अनवधानाने उतरली असेल, तर जीर्णोद्धार करणाऱ्याने इमान राखावे ते कर्त्याच्या हेतूशी की त्याच्या अपघाताशी?

१९९७ च्या तिसऱ्या भागाच्या कर्त्यांनी या प्रश्नाला बाणेदार उत्तर दिले. रियू आणि केन हे दोघे वगळता सारा जुना परिवार त्यांनी बरखास्त केला आणि ‘पॅरी’ नावाची एक युक्ती आणली, जिच्यात प्रहार अंगावर येत असता मागे न सरता नेमक्या क्षणी दांडा शत्रूच्याच दिशेने पुढे ढकलावयाचा. साधले तर इजा नाही, चुकले तर संरक्षणही नाही. १९९९ च्या ‘थर्ड स्ट्राइक’ या सुधारलेल्या आवृत्तीत ही कला पराकोटीस पोहोचली, पण तोवर घरोघर दूरचित्रवाणीस जोडावयाची यंत्रे येऊन आर्केडांचा बाजार उठू लागला होता, आणि मूळ मालिकेत त्यानंतर नऊ वर्षे नवा भाग म्हणून निघाला नाही. या निद्राकाळातच, २००४ साली कॅलिफोर्नियातील ‘इव्हो’ स्पर्धेत, दायगो उमेहारा या जपानी खेळाडूचा केन अशा अवस्थेत सापडला की, प्राणरेषा जवळजवळ संपलेली, साधा बचाव केला तरी त्या बचावातून झिरपणाऱ्या इजेनेही मरण ठरलेले, आणि समोरून जस्टिन वाँगच्या चुन-लीने पंधरा प्रहारांचा महाहल्ला सोडलेला. उमेहाराने ते पंधराही प्रहार एकेक करून, शेवटचा तर उडी घेऊन अधांतरी, पॅरी केले आणि उलट फटक्यात ती फेरी जिंकली. (ती स्पर्धा मात्र तो जिंकला नाही, दंतकथा असला तपशील सांगत बसत नाहीत.) बाजाराच्या दप्तरी जो खेळ मृत म्हणून नोंदला गेला होता, तो जाणकारांच्या मेळ्यात असा धडधाकट होता, बुजली होती ती नवख्याने त्या मेळ्यात शिरण्याची वाट.

२००८ साली जपानी आर्केडांत, आणि पुढच्या वर्षी घरगुती यंत्रांवर, आलेल्या चौथ्या भागाने ती वाट मोकळी केली. निर्माते योशिनोरी ओनो यांनी १९९१ चे आठ योद्धे आणि त्यांचे चार प्रतिनायक परत बोलाविले, हे जाहिरातीत दिसले; पण त्यांची खरी मर्मज्ञता मला दिसते ती अशी की, देह त्रिमितीत घडवूनही रणभूमी त्यांनी एका सरळ रेषेचीच ठेवली. दोन देहांमधील अंतर हाच या खेळाचा विषय आहे. ते वाढले की हादोकेन, घटले की पकड, आणि मधल्या दोन पावलांत सारी धाकधूक. या भागाच्या घडणीत कॅपकॉमबरोबर डिम्प्स ही संस्था होती, आणि तिचे संस्थापक ताकाशी निशियामा हे १९८७ च्या मूळ खेळाचेच दिग्दर्शक, हा योगायोग मला मोठा हृद्य वाटतो. २०१६ चा पाचवा भाग स्पर्धांच्या मोहात एकट्या माणसासाठी साधा ‘आर्केड मोड’ही न ठेवता बाजारात आला आणि त्याबद्दल यथास्थित बोलणी खाऊन २०१८ साली ती उणीव भरून काढता झाला, इतके सांगून त्याला रजा देतो.

वारशात भ्रमही येतात. आपला धाल्सिम पाहा: हातपाय रबरासारखे लांबविणारा, मुखातून अग्नी ओकणारा आणि त्या दोहोंस योग म्हणणारा हा भारतीय, गळ्यात कवट्यांची माळ घालून हत्तींच्या रांगेपुढे उभा राहिला तो १९९१ साली. पाचव्या भागात त्याला दाढी आणि पागोटे मिळाले, योगशास्त्राचे ज्ञान मात्र वाढले नाही. तरीही त्याला काढून टाकावे असे मी म्हणणार नाही. दूर राहून लांब हाताने लढण्याची त्याची रीत त्या सरळ रेषेवरील अंतराचा दुसराच अर्थ लावते.

२०२३ च्या सहाव्या भागाने अधिक नाजूक जागी हात घातला. त्यातील ‘मॉडर्न’ पद्धतीत दांड्याचा तो चाप रद्द झाला. एकच बटण दाबले की हादोकेन सुटतो. मोबदला म्हणून अशा प्रहाराचे बळ वीस टक्क्यांनी कमी धरले जाते आणि काही प्रहार मुळीच मिळत नाहीत. जुन्या खेळाडूंची फिर्याद अशी की, हाताची साधना गेली म्हणजे विद्या गेली. मला ही फिर्याद खारीज करावीशी वाटते. हादोकेन कसा सोडावा हे आठवड्याभरात येते. तो केव्हा सोडू नये हे कळण्यास वर्षे लागतात, आणि त्या दुसऱ्या शिक्षणात नव्या पद्धतीने कोणतीही सूट दिलेली नाही.

राहिला प्रश्न प्रतिपक्षाचा. अमेरिकेत दोघे एकाच यंत्रापुढे खांद्याला खांदा लावून उभे राहत. जपानात यंत्रे पाठीला पाठ लावून मांडीत, त्यामुळे शत्रूचा चेहराही दिसत नसे. तेव्हा जाळ्यावरून खेळणे ही काही अश्रुतपूर्व विटंबना नव्हे. अडचण होती ती विलंबाची, कारण सेकंदात साठ फ्रेमी मोजणाऱ्या खेळात चार फ्रेमींचा उशीरही पॅरीस पुरेसा घातक. यावर उपाय शोधला तो कंपनीच्या वेतनावर नसलेल्या टोनी कॅनन या खेळाडूने: प्रतिपक्षी काय करील याचा अंदाज बांधून यंत्राने पुढे जावे, आणि खरी वार्ता आल्यावर अंदाज चुकला असेल तर मागे येऊन दुरुस्ती करावी. ‘रोलबॅक’ नामक ही व्यवस्था आज सहाव्या भागाचा कणा आहे. त्याच भागात ‘बॅटल हब’ नावाचे आभासी आर्केडही आहे, जेथे आपला पुतळा यंत्रापुढे बसतो आणि पलीकडे दुसरा येऊन बसतो. नाणे मात्र कोणी टाकीत नाही. त्याची जागा घेतली आहे श्रेणीच्या गुणांनी, आणि हा बदल मी न्याय्य मानतो. जे मानवत नाही ते हे की, पूर्वी पैसा पराभवातून वसूल होई, आता तो पोशाखांतून होतो. आणि पोशाख विकत घेणाऱ्याला पुढच्या वेळी कोणापुढे हरू नये याची शिकवण मिळत नाही.

सहावा भाग येऊन चार महिने होत आले असता हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर’चे पदक मागल्या, पाचव्याच भागावर खेळले गेले, सुवर्ण मिळाले ते दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना, आणि तेव्हा त्यांचे वय ४४ होते.