पाटाचे पाणी आणि बहिणीचा वाटा



धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी काही शतके फड पद्धत नांदली. नदी लहान, शेतकरी पुष्कळ, आणि उन्हाळा खानदेशचा. उपाय मात्र साधा होता. बंधाऱ्याने पाणी पाटात वळवावे, जमिनीचे फड पाडावेत, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावे. पाणी देण्याचे काम शेतमालकाचे नव्हे, सर्वांनी नेमलेल्या पाटकऱ्याचे. वरच्याचे भरणे झाले की पाणी खाली गेलेच पाहिजे.

मदीनेतही पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (रजि.) आणि एका अन्सारी शेजाऱ्यामध्ये वाद झाला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रथम दोघांना सोयीचा तोडगा सांगितला: जुबैर यांनी शेत भिजवावे व पाणी शेजाऱ्याकडे सोडावे. शेजाऱ्याने तो पक्षपात मानला. मग प्रेषितांनी जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क घ्यावयास सांगितले. ही घटना सहीह बुखारीत आहे. तोडगा सोपाच होता. मन त्याला तयार नव्हते.

आता आपल्या घराकडे पाहा. जळगाव असो वा धुळे, वडिलांच्या निधनानंतर वाटणीचा प्रश्न डोंगराएवढा होतो. वर्षे जातात, भावंडांचे बोलणे तुटते. वास्तविक सूरह निसाने हिशेब करून ठेवला आहे. समजा, मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. मृताचे आई-वडील हयात नाहीत. कफन-दफन, कर्ज व वसीयत भागल्यावर उरलेल्याचे 40 भाग करा. आईचे 5, प्रत्येक मुलाचे 14, मुलीचे 7. एवढेच गणित.

मग अडते कुठे? बहिणीच्या 7 भागांपाशी. आपण तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतो आणि म्हणतो, तिने राजीखुशीने सोडले. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही ही राजीखुशी नव्हे. आधी तिचा वाटा तिच्या हाती द्या. त्यानंतर तिने काही परत दिले, तर ती तिची देणगी.

वाचकहो, अनेक प्रश्न उपाय सापडत नाही म्हणून नव्हे, तर सापडलेला उपाय आपल्याकडून काही मागतो म्हणून अवघड वाटतात. पाटाच्या वरच्या टोकाला आज आपण आहोत. पाणी खाली जाऊ द्या.

अल्लाह आपणांस हक्कदाराचा हक्क देण्याची तौफीक देवो. आमीन.