न उतरलेला मस्कारा

गेल्या दिवाळीत टोकियोत नोकरी करणारी माझी मामेबहीण नाशिकला आली आणि तिच्या बॅगेतून माझ्यासाठी चार मस्कारे निघाले. दोन जपानी, दोन कोरियन. कॅनमेक, हिरोइन मेक, क्लिओ, एत्यूद ही नावं रील्स बघून बघून मला पाठच झाली होती. ठरवलं, रोज एक लावून बघायचा.

तिकडच्या बऱ्याच बायकांच्या पापण्यांचे केस सरळ आणि खाली झुकलेले असतात. त्यामुळे तिकडच्या मस्काऱ्यांची सगळी हुशारी पापण्यांचा बाक टिकवण्यात खर्च होते. पाण्याने केस भिजला की कर्लरने दिलेला बाक सुटतो. म्हणून मेण आणि चटकन उडून जाणारं द्रावण वापरतात. मागे जो थर राहतो तो पाण्याला दाद देत नाही. दुसरा एक प्रकार प्रत्येक केसाभोवती बारीक नळीसारखा बसतो आणि कोमट पाण्याने सुटून येतो.

पहिले दोन दिवस गंगापूर रोडवरून स्कूटरने ऑफिसला गेले. धूळ, ऊन, हेल्मेट. मस्कारा हलला नाही. कुणाच्या लक्षातही आला नाही आणि मला त्याचा राग आला. तेव्हा जरा दचकले. कारण मी सगळ्यांना सांगत असते, ‘मी माझ्यासाठी नटते.’ तिसऱ्या दिवशी सुट्टी होती, घरी एकटीच होते. मुद्दाम वॉटरप्रूफ लावला. आरशात बघितलं आणि पाचव्या मिनिटाला सेल्फी काढत होते. आरशात बघणारी मी होते की माझ्या डोळ्यांतून बघणारे बाकीचे सगळे? रात्री कंटाळा आला, तशीच झोपले.

पहाटे फोन आला. पंचवटीतली आजी गेली.

तोंडावर पाणी मारलं आणि निघाले. माजघरात बायका बसल्या होत्या. मी खूप रडले. काळा एक ओघळही आला नाही. सगळ्यांचे चेहरे विस्कटलेले आणि माझ्या पापण्या जाहिरातीतल्यासारख्या वर वळलेल्या. मोठी काकू हळूच म्हणाली, “अशा वेळी पण नटून आलीस का गं?” मला उत्तर देता आलं नाही. त्या क्षणी मला माझंच दुःख खोटं वाटायला लागलं.

नंतर पुष्कळ दिवस ह्याचा विचार केला. नटलेला चेहरा खोटा असतो का? 1911 साली ‘मानापमान’च्या पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. तरीही ते त्या रात्री भामिनी होऊन उभे राहिले. रंगवलेल्या चेहऱ्यामागे बापाचं दुःख नव्हतं, असं कोण म्हणेल? मग रंग हा गुन्हा नाही. पण नाटकाच्या रंगाची वेळ ठरलेली असते. पडदा पडला की तो पुसायचा, हे नटाला आणि प्रेक्षकालाही माहीत असतं. माझा पडदा कधी पडायचा, हे मी ठरवलंच नव्हतं. कुणीतरी बघतंय, हे गृहीत धरून मी झोपलेसुद्धा होते.

आजी घरी काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा, त्यावर भांडी बाजारातून आणलेली तांब्याची ताटली पालथी. जमलेली काजळी ती तुपात कालवायची. त्यातलंच बोट माझ्या गालावर टेकवायची. तीट. इतकी गोंडस पोर दिसू नये, कुणाची नजर लागू नये म्हणून. म्हणजे तिचं काळं नजर परतवायला होतं आणि माझं नजर ओढायला आहे. पण दोघींनाही दुसऱ्याच्या नजरेची ताकद मान्य होती. फरक एवढाच की आजीने ते कबूल केलं होतं. ‘माझ्यासाठी’ असं ती कधी म्हणाली नाही. हा शब्द मी वापरते, आणि बहुतेक वेळा तो अर्धाच खरा असतो. अर्धा खरा असणं काही वाईट नाही. तो पूर्ण खरा आहे असं स्वतःला पटवत राहणं मात्र दमवतं.

त्या संध्याकाळी काकूनेच मला मागच्या पडवीत बसवलं. कापसावर खोबरेल घेतलं. “सुतकात तेल लावत नाहीत,” ती म्हणाली, “पण हे लावणं नाही, काढणं आहे. मीट डोळे.” पाण्याला न जुमानणारं मेण तेलात विरघळतं. दोन-तीन वेळा पुसल्यावर कापूस काळा झाला. “तुझ्या आजीचं काजळही असंच काढायचे मी, शेवटी शेवटी. तिला दिसत नव्हतं ना.”

दिसत नसताना आजी काजळ कुणासाठी घालत होती, हे मी काकूला विचारलं नाही. मला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

मस्कारा मी आजही लावते. कोमट पाण्याने निघणारा. रात्री कितीही कंटाळा आला तरी उठून चेहरा धुते, आणि मग आरशात एकदा बघते. तेव्हा मात्र फोन हातात घेत नाही.