पोटावर

"भाऊ, तुम्हाला हजेरी किती देत्यात?"

शेजारच्या पातीवरच्या बाईंनी खुरपता खुरपता विचारलं. जुन्नरकडचं दीड एकराचं सेंद्रिय शेत, आषाढातली उघडीप आणि भुईमुगात माजलेली हराळी. आऱ्या जमिनीत शिरू लागल्या की भुईमुगात खुरपं घालता येत नाही, म्हणून सगळ्यांचीच घाई चाललेली. मी म्हटलं, हजेरी नाही. इथंच राहतो, इथंच जेवतो, त्याच्या बदल्यात रोज पाच तास काम करतो.

त्यांचं खुरपं थांबलं. "म्हंजी पोटावर? अशी काय येळ आली तुमच्यावर?"

त्या मनापासून कळवळल्या होत्या. त्यांचे सासरे असेच पोटावर राबले होते. लेकीच्या लग्नाला घेतलेली उचल फिटेना आणि उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायची मुभा नाही. गोठ्यातच झोपायचं, वाढतील ते खायचं. बाईंच्या लेखी मीही त्याच रांगेतला होतो.

मी ज्या रीतीनं तिथं गेलो होतो, ती इंग्लंडमध्ये सुरू झाली. लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांना मोकळ्या रानाची ओढ होती. १९७१ साली त्यांनी ससेक्समधल्या इमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवारी काही जणांना नेऊन काम करण्याची सोय लावली. सेंद्रिय शेतात तणनाशक मारायचं नसतं, त्यामुळे हात नेहमीच कमी पडतात; आणि शहरातल्या हातांना माती हवी असते. एवढ्या साध्या देवघेवीतून 'वूफ' ही चळवळ उभी राहिली आणि देशोदेशी पसरली. तिच्या पूर्ण इंग्रजी नावात काही काळ 'वर्कर्स' हा शब्द होता. पुढे तो काढून 'ऑपॉर्च्युनिटीज' म्हणजे संधी हा शब्द घातला गेला, कारण या पाहुण्यांची गणना परदेशातून आलेल्या मजुरांत होऊ लागली होती. मला हा बदल साधा वाटत नाही. तेच काम, तेच जेवण. एकाला ती संधी आणि दुसऱ्याला वेठ.

फरक कशात आहे? पैसा न घेण्यात तर नक्कीच नाही. आपल्याकडे इर्जिक होतीच. एखाद्याची नांगरट मागं पडली की गावातले शेतकरी आपापली बैलजोडी नि औत घेऊन यायचे, दिवसात रान उलथून द्यायचे आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवून जायचे. त्या जेवणाला कुणी मजुरी म्हटलं नाही. पण इर्जिकीला येणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं औत असे, आणि उद्या त्याचं अडलं तर गाव त्याच्याही बांधावर येई. शिवाय येणं त्याच्या मर्जीचं असे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानंही बोट ठेवलं आहे ते इथंच. घेतलेल्या कर्जापायी माणसाला दुसरीकडे काम धरता येत नसेल, मोकळेपणानं फिरता येत नसेल, तर ती वेठ.

माझ्या पिशवीत परतीचं तिकीट होतं. कंटाळा आला असता, पाऊस लागला असता, तर मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो असतो. पाच तास वाकून खुरपताना माझी कंबर खरोखर दुखत होती, घामही खरा होता. पण त्या कष्टाला जे समाधान चिकटलं होतं, ते त्या तिकिटाच्या जोरावर होतं.

रात्री जेवताना मी शेतमालकांना विचारलं, "मी आलो नसतो तर माझी पात कुणी धरली असती?"

माणूस भला. काही लपवलं नाही. म्हणाले, "आणखी एक बाई लावली असती."

नंतर ते बराच वेळ हिशेब सांगत राहिले. बिनविषारी भाजीला शहरातलं गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं, पण ते दोन पैसे तण काढण्यातच जातात. स्वतःच्या आणि बायकोच्या कष्टाची हजेरी त्यांनी कधी धरलीच नव्हती. त्यांचं सगळं पटत होतं. तरीही घास घशात अडकला. दोन वेळच्या ज्या भाकरीला मी माझ्या श्रमाचं अन्न समजत होतो, तिच्यात गावातल्या कुणा बाईचा बुडालेला रोज होता.

सकाळी मी त्यांना म्हटलं, मला खुरपणी नको, ज्याला तुम्ही मजूर लावणारच नाही असं काम द्या. त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. मग मी दोनशे लिटरच्या पिंपातलं जीवामृत सकाळ-संध्याकाळ ढवळलं, ढासळलेल्या बांधाचे दगड पुन्हा रचले, दोन वर्षं नुसतेच डब्यात साठलेले बियाण्यांचे कागद वहीत उतरवले. यातलं पुष्कळसं काम मला नीट जमलं नाही. बांधाचा एक कोपरा त्यांनी नंतर पुन्हा रचला.

तिसऱ्या दिवशी भुईमुगात तीन बायकांच्या जागी चार दिसल्या. चौथी, त्या बाईंची जाऊ, माझ्या अर्धवट राहिलेल्या पातीवर बसली होती. मी हराळी वरवर छाटली होती, मुळं तशीच राहिली होती. ती एकेक कांडी मातीतून मुळासकट उपसून बांधावर टाकत होती.