न झालेल्या धावांचा हिशेब

राजूरला आषाढ लागला की मैदानावरचं क्रिकेट थांबतं आणि वहीतलं सुरू होतं. खाचरांत भाताची आवणी चाललेली असते, मैदानात घोटाघोटा चिखल असतो, कळसूबाईकडून उतरलेले ढग हटायचं नाव घेत नाहीत. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हापासून पावसाळ्यात आळीतली मुलं-मुली दोन फासे आणि एक फुलस्केप वही घेऊन माझ्या ओटीवर बसतात. पाठ्यपुस्तकाचं पान उघडायचं आणि शेवटच्या आकड्याइतक्या धावा घ्यायच्या, हा खेळ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमचा त्याच्या पुढचा आहे. प्रत्येक फलंदाजाला आकडा, प्रत्येक गोलंदाजाला आकडा आणि दोन फाशांच्या 36 शक्यतांचा तक्ता.

त्यात कीपर कोणाला करायचं यावरून वाद झाला. तो वाद मला नुसत्या खेळाचा वाटत नाही, म्हणून लिहितो आहे.

पहिल्या तक्त्यात कीपरच्या कामाला आकडाच नव्हता. साहजिकच प्रत्येक कप्तान सगळ्यात चांगल्या फलंदाजाला ग्लोव्हज देऊन मोकळा होई. यष्टींमागे कोणीही उभं राहिलं तरी चालतं, हे त्यांना खेळानंच शिकवलं होतं. मग आम्ही कीपरला 1 ते 5 असा आकडा दिला. फाशांवर कट आला की पुन्हा फासे टाकायचे आणि त्या आकड्याशी ताडायचे. अमेरिकेत स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा फासे आणि पत्त्यांचा बेसबॉल 1961 पासून खेळतात. त्यातही कॅचरला क्षेत्ररक्षणाचा 1 ते 5 आकडा असतो आणि बेस चोरणाऱ्याला रोखणाऱ्या त्याच्या फेकीचा आकडा वेगळा. बॅटनं मिळवलेलं आणि हातांनी वाचवलेलं एका तराजूत कसं घालायचं, हा प्रश्न तिथंही सुटलेला नाही.

मुलांना मी दोन मुंबईकरांचे आकडे दिले. नरेन ताम्हाणे : 21 कसोट्या, 225 धावा, सरासरी 10.22, झेल 35, यष्टीचीत 16. फरुख इंजिनियर : 46 कसोट्या, 2611 धावा, सरासरी 31.08, झेल 66, यष्टीचीत 16. डावामागे 21 धावांचा फरक, म्हणजे दोन्ही डाव मिळाले तर चाळीसेक धावा. उलट बाजूला ताम्हाण्यांचे कसोटीमागे 2.4 बळी, इंजिनियरांचे 1.8. बळीची किंमत 30 धावा धरली तरी हा फरक विसाच्या आसपासच जातो. वहीनं इंजिनियरांना निवडलं. राहुल द्रविडला 2003च्या विश्वचषकात ग्लोव्हज घालायला लावले तेही याच हिशेबानं, एक फलंदाज जादा खेळवता यावा म्हणून, आणि भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला. हा हिशेब खोटा आहे असं मी म्हणणार नाही.

पण तो अपुरा आहे. यष्टीचीत दोघांचेही 16, आणि ताम्हाण्यांच्या कसोट्या निम्म्याहून कमी. त्यांच्यासमोर सुभाष गुप्त्यांसारखा लेगस्पिनर होता, हे खरंच. पण लेगस्पिनर चेंडूला उंची देतो, फलंदाजाला पुढं ओढतो, तो मागच्या हातांवर भरवसा ठेवून. मागे कच्चा माणूस असेल तर तो चेंडू टाकलाच जात नाही. मग बळी कोणाच्या खात्यात घालायचा? शिवाय धावफलकात सुटलेल्या झेलाला रकाना नाही. कीपरच्या चुकीची खूण दिसलीच तर बायच्या धावांत दिसते. त्यानं चोख काम केलं की तिथं शून्य.

या शून्याशी माझी ओळख न्यायशास्त्रावरच्या 'तर्कसंग्रह' या संस्कृत ग्रंथातली. अन्नंभट्टानं सात पदार्थ मानले, त्यांतला सातवा अभाव. त्याचे चार प्रकार आठल्ये-बोडसांच्या आवृत्तीवरून मी वर्षानुवर्षं शिकवले. अडवलेली धाव यांतल्या कोणत्या घरात बसते? प्रागभाव म्हणावा तर तो वस्तू उत्पन्न झाली की संपतो, आणि ही धाव कधी उत्पन्नच होणार नाही. जी झालीच नाही तिचा प्रध्वंस कुठला? अन्योन्याभावाचा, म्हणजे एक वस्तू दुसरी नसण्याचा, इथं संबंध नाही. राहतो अत्यंताभाव, म्हणजे तिन्ही काळी नसणं, जसं वाऱ्याला रूप नसणं. कीपरनं डावीकडे झेपावून अडवलेल्या चार धावा आणि ज्या मुळात होणारच नव्हत्या अशा चार धावा, दोन्ही एकाच घरात जाऊन बसतात.

त्यांना वेगळं काढायला एकच साधन उरतं : तर्क. हा नसता तर काय झालं असतं? आणि अन्नंभट्ट तर्काला अयथार्थ अनुभवांत घालतो, संशय आणि विपर्ययाच्या पंक्तीला. नैयायिकांनी तरीही तो टाकून दिला नाही, कारण प्रमाणाला त्याचा आधार लागतो. कीपरची किंमत अशी आहे. ती दाखवता येत नाही. त्याच्या जागी दुसरा उभा आहे असं मनात धरूनच ती कळते. आमच्याकडे भात पिकायला आला की माळ्यावर बसून रात्री राखण करतात. डुकरांनी न खाल्लेलं भात पायलीनं वेगळं मोजून कोणी देत नाही, पण राखण्याला खळ्यावर त्याचा वाटा मिळायलाच हवा.

इथं एक गोष्ट मला मनापासून खटकते. एक पालक कीपर मुलाला म्हणाले, "बाळा, गीतेत सांगितलंय, फळाची आशा धरू नये." ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे आमच्याच जिल्ह्यात. चौथ्या अध्यायात ज्ञानदेव सूर्याचा दाखला देतात : तो न चालता चालतोय असं दिसतं, तसं कर्मात असूनही नैष्कर्म्य. हा दाखला मला फार प्रिय आहे. पण तो करणाऱ्यानं स्वतःपाशी ठेवायचा. मोजणाऱ्यानं मोजायचं टाळावं आणि वर ज्याचं मोजलं नाही त्यालाच निष्कामता शिकवावी, हा अन्याय आहे. फलंदाजाच्या शतकाला टाळ्या वाजवताना हा श्लोक कोणाला आठवत नाही.

दिवाळीनंतरच्या टेनिस बॉल स्पर्धेत डाव आठ षटकांचा, म्हणजे 48 चेंडूंचा. त्यात कट दोन-तीन येतात. तिथं मी फलंदाजच निवडीन आणि कीपरला कारण सांगीन. दोन दिवसांचा सामना असेल तर उलट करीन.

सध्या वहीत दोन नवे रकाने आहेत, 'सुटले' आणि 'अडवले'. दोन्ही कप्तानांचं एकमत झालं तरच त्यांत खूण करायची. परवा सातवीतल्या लेगस्पिन टाकणाऱ्या मुलीनं विचारलं, "सर, कीपर कच्चा म्हणून मी जो चेंडू टाकलाच नाही, तो कुठं लिहायचा?" तिच्यासाठी तिसरा रकाना आखला आहे. त्यात खूण कोणी करायची, यावर वाद अजून चालू आहे. ती म्हणते गोलंदाजानं, कीपर म्हणतो त्याच्यादेखत.